शेजारच्या खाटेचं दुखणं

९ जानेवारी

दादा,

हे पत्र फाडायचंच असेल तर निदान खालचा भाग वाचून फाड. वरचा बाबांबद्दल आहे, खालचा तुझ्याबद्दल.

बाबांची लघवी तुंबली. वर्षभर त्रास होत असणार, मला पत्ता लागू दिला नाही. पोट नगाऱ्यासारखं ताणलं तेव्हा स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलात आले, पार्किंगमध्ये रिव्हर्स घेऊन गाडी दोन रेघांच्या बरोबर मध्ये लावली, आणि मग आत येऊन म्हणाले, जरा बघता का. अर्ध्या गावाला ड्रायव्हिंग शिकवलेला माणूस. तो असाच येणार.

प्रोस्टेट फार वाढली होती. सर्जननी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून ती आतून खरवडून काढली. असे खरवडलेले तुकडे सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या ढलप्यांसारखे दिसतात, वळलेले, फिकट. बरणीत घालून ते खाली आमच्या लॅबमध्ये येतात. त्यांचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर चिकटवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं, साधी म्हातारपणाची वाढ आहे की आणखी काही. हे माझं रोजचं काम आहे. निम्म्या बरण्या म्हाताऱ्या पुरुषांच्याच असतात.

बाबांच्या काचा मी बघायच्या नाहीत असं ठरलं होतं. आमच्या सरांनी बघितल्या. मग मीही बघितल्या. कॅन्सर आहे.

तुला पटावं म्हणून सांगते. चांगल्या ग्रंथी मोठ्या असतात, कडा नागमोडी, आणि प्रत्येकीला दोन पदर. इथे बारक्या, गोल, एकपदरी, एकमेकींना खेटून, जिथे फट मिळेल तिथे घुसलेल्या. काही भागात ग्रंथी म्हणावं असं काही उरलेलंच नाही, नुसत्या पेशींच्या रांगा. सरांनी त्याला वरचा दर्जा दिलाय. आमच्याकडे वरचा म्हणजे वाईट.

आता तुझ्याबद्दल. वडिलांना असेल तर मुलाला धोका वाढतो. तू पन्नाशीला टेकलास. एक साधी रक्ततपासणी आहे, ती करून घे. आईच्या वेळचं मी यात काढत नाही आणि तू घरी ये असंही म्हणत नाही. तुझा फोन माझ्या नंबरवरून लागत नाही म्हणून पत्र लिहिलं.

बारकी

६ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'तपासणी केली. काही नाही.' एवढंच. मी ते दोनदा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच डावीकडे कलतं.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. हाडांचा स्कॅन झाला. पाठीच्या मणक्यांत तीन-चार ठिकाणी डाग दिसले. स्कॅनच्या डॉक्टरांनी 'बहुधा पसरलेला' असं लिहिलं. त्या 'बहुधा'वर कोणी फार वेळ घालवला नाही, मीसुद्धा नाही. काचा आमच्यासमोर होत्या. अशा वेळी कॅन्सर ज्यावर पोसतो ते पुरुषी हार्मोन बंद करतात. एक तर इंजेक्शनं घेत राहायचं, नाहीतर एकदाच ऑपरेशन करून दोन्ही अंडकोश काढून टाकायचे. सर्जन हे बाबांना समजावून सांगत होते तेव्हा बाबांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. मी डॉक्टर असल्याचा उपयोग झाला नाही. दारामागून ऐकू आलं ते इतकंच, "काढून टाका. आता कुठली शर्यत लावायचीय."

मागच्या आठवड्यात काढले. बाबा बरे आहेत, म्हणजे चालतात, जेवतात. दरदरून घाम येतो, शर्ट बदलावे लागतात. बायकांना पाळी जाताना होतं तसंच हे, मी सांगितलं. त्यावर म्हणाले, तुझी आई या वेळी सगळ्या खिडक्या उघडायची आणि मी थंडी वाजते म्हणून लावायचो.

त्यांना भेटायला एकच माणूस येतो. शेजारच्या खाटेवर होते ते बेकरीवाले काका. जानेवारीत दोघांचं ऑपरेशन एकाच सकाळी झालं, एकामागोमाग एक. नंतर दोघं लघवीच्या पिशव्या हातात धरून कॉरिडॉरमध्ये फिरायचे, बाजाराला निघाल्यासारखे. काका बाबांना मास्तर म्हणतात. "मास्तर, तुमची पिशवी माझ्यापेक्षा भरली की. स्पर्धा लावताय काय." आपले बाबा, जे वीस वर्षांत कोणाच्या विनोदाला हसले नाहीत, ते हसायचे.

काकांचा रिपोर्ट स्वच्छ आला. साधी वाढ. त्यांनी तो बाबांना दाखवला नाही, मला बाजूला घेऊन म्हणाले, मास्तरांना सांगू नका, वाईट वाटेल. दर आठवड्याला पाव घेऊन येतात. रिटायर झालेत पण पहाटे बेकरीत जाऊन पिठाची पोती हलवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पाठ धरते म्हणून कुरकुरतात आणि परत जातात.

बारकी

१७ मार्च

दादा,

तू फोन केलास. मी लॅबमध्ये होते, बाबांनीच संध्याकाळी सांगितलं, तेही भाजी वाढून घेता घेता, जणू रोजच येतो तुझा फोन. जेवून उठले आणि जाऊन गाडीत बसले. इंजिन बंद, गाडी गॅरेजमध्येच. मी त्यांना तिथून उठवलं नाही.

मग तुझाच मला फोन आला, इतक्या वर्षांनी, आणि तू रडत होतास म्हणून मला नीट काही विचारता आलं नाही. म्हणून आता लिहून विचारते. ते खरंच 'माझं चुकलं' म्हणाले? आईला मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणून तू त्यांच्या हातापाया पडत होतास, आणि ते 'इथंच बरी होईल' म्हणून बसून राहिले, त्याबद्दल? की तू तसं समजलास? मला शंका घ्यायची नाही. आई गेल्यापासून मी त्या घरात त्यांच्याबरोबर नऊ वर्षं राहिले आणि माझ्याशी ते यावर कधी बोलले नाहीत, एवढंच.

तू दर आठवड्याला फोन करणार आहेस असं कळलं. ते त्या दिवशी दाढी करतात.

डॉक्टर म्हणून चांगली बातमी अशी की रक्तातला आकडा, तुझ्या तपासणीत बघतात तोच, एकदम खाली आला. सर म्हणाले, उपचाराला छान उत्तर देतोय. मी हो म्हणाले.

बारकी

२३ एप्रिल

दादा,

हे वाचून लगेच फोन करू नकोस. घरात फोन बाबाच उचलतात.

बेकरीवाल्या काकांची पाठ खूपच दुखायला लागली. ते अंथरुणाला खिळले तेव्हा कुठं फोटो काढला. एक मणका चेपलाय. सुई घालून तिथल्या हाडाचा तुकडा काढला आणि तो माझ्याकडे आला. हाडात प्रोस्टेटचा कॅन्सर आहे.

आता हे कसं. याच माणसाची प्रोस्टेट आम्ही जानेवारीत स्वच्छ म्हणून सांगितली होती. खरवडताना नेमका वाईट भाग सुटू शकतो, तसं होतं कधीकधी. मी तेच गृहीत धरून जुन्या काचा काढल्या. काकांच्या नावाच्या काचांत खरंच काही नव्हतं, मोठ्या नागमोडी दुपदरी ग्रंथी, थोडी सूज, बस. मग दोघांचं ऑपरेशन एकाच सकाळी झालं होतं हे आठवलं, आणि मी बाबांच्या काचा काढून हाडाच्या काचेशेजारी ठेवल्या.

चेहरा ओळखावा तसं ते ओळखू येतं, दादा. तीच रांग, पेशींचे तसेच फुगलेले गाभे, प्रत्येक गाभ्यात तो ठळक ठिपका. एकाच माणसाचं होतं ते.

सरांना बोलावलं. ते मायक्रोस्कोपवर बराच वेळ वाकून राहिले. मग डोळे न उचलता म्हणाले, "वाचताना आपण चुकलो नाही." मी म्हटलं, नाही सर. दोन बरण्या एका ट्रेमधून खाली आल्या होत्या, त्यांच्यावरची नावं कुठंतरी अदलाबदल झाली. वर ऑपरेशन थिएटरमध्ये की खाली आमच्याकडे, ते अजून कळलेलं नाही आणि कळेल असं मला वाटत नाही.

खात्रीसाठी तुकडे बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवलेत. जुळवून बघायला काकांचं हाड आहे. आणि बाबांचं काय पाठवायचं, तर दुसऱ्या ऑपरेशनात काढलेलं तेच आमच्याकडे मेणात जपून ठेवलेलं आहे. त्यातून काप काढायला मी दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

आता लक्षात येतंय. लघवी तुंबली की रक्तातला आकडा कोणाचाही चढतो, म्हणून दोघांचाही तेव्हा सोडून दिला होता. मणक्यातले डाग म्हणजे वयाची झीज. सगळं बसत गेलं कारण आम्ही बसवत गेलो.

जानेवारीत मी ज्या पेशींसमोर बसून रडले त्या बेकरीवाल्या काकांच्या होत्या. ते तेव्हा वर वॉर्डात, बाबांना पावाची चव कशावरून ओळखायची ते समजावत होते.

बारकी

८ मे

दादा,

निकाल आला. मला वाटलं तेच.

तुझं फोनवरचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं. काकांना सांग, बाबांना सांगू नकोस. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला, तुला उगाच कापलं, हे सांगून काय मिळवणार. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनीही वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं, चौकशी होईपर्यंत घाई करू नका म्हणून. सर मात्र उठताना म्हणाले की कळवायचंच असेल तर सही माझी घ्या.

तुझ्या बोलण्यात आणखी काहीतरी होतं, ते तू बोलला नाहीस. मरणार म्हणून बाबा तुझ्याशी बोलले. मरणार म्हणून तू फोन केलास. आता कोणीच मरत नसेल तर त्या बोलण्याचं काय, हेच ना. मला तेच वाटत होतं म्हणून विचारते.

पण काका दर आठवड्याला आपल्या घरी यायचे, आता बाबा त्यांच्याकडे जातात. एकाला सांगून दुसऱ्यापासून लपवायचं म्हणजे त्या आजारी माणसालाही खोटं बोलायला लावायचं. आणि बाबा रोज सकाळी उठून मरायची तयारी करत होते. पासबुकं, चाव्या, कपडे कोणाला द्यायचे. ते बघवत नव्हतं.

मी परवा सांगितलं. गाडीत सांगितलं, कारण समोरासमोर बसून जमलं नसतं. ते मला लॅबमधून घ्यायला आले होते. बाहेर पडायच्या आधी म्हटलं, बाबा, जरा थांबा. सगळं सांगितलं, एका दमात. त्यांनी इंजिन बंद केलं. हँडब्रेक लावला.

"म्हणजे मला काही नव्हतंच."

"नव्हतं."

"आणि जे काढलं ते?"

"काढायची गरज नव्हती, बाबा."

त्यांनी फडकं घेतलं आणि समोरची काच आतून पुसायला लागले. ती स्वच्छच होती. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पक्कं परवा कळलं."

"आणि कच्चं?"

"दोन आठवडे झाले."

"दोन आठवडे तू माझ्यासमोर बसून जेवतेयस," ते म्हणाले.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला तरी ते हलले नाहीत. मग म्हणाले, "बेकरीवाल्याला काय सांगितलंय?" मी म्हटलं, अदलाबदलीबद्दल अजून काही नाही, उद्या सर्जन जाणार आहेत, मी बरोबर असेन. ते म्हणाले, मीही येतो. मी म्हटलं, तुम्ही कशाला, तुम्हाला त्रास होईल. त्यांनी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी गाडीत बसून होते.

काकांचं घर बेकरीच्या वर आहे. जिन्यात खालच्या भट्टीची ऊब येते. काका भिंतीला टेकून बसले होते, पाठीला पट्टा. सर्जन बोलले, मी जोडलं, काकू दारात उभं राहून ऐकत होत्या. सगळं संपल्यावर काका आमच्याकडे न बघता बाबांकडे बघत राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "म्हणजे तुमचं ते माझ्या वाटचं गेलं."

बाबा म्हणाले, "असू दे."

एवढंच. मी त्यांना दुसऱ्या कोणाशी असं बोलताना ऐकलेलं नाही.

निघताना काकूंनी मला जिन्यात गाठलं. आवाज अजिबात चढवला नाही. जानेवारीतच कळलं असतं तर काय झालं असतं, विचारलं. मी खरं ते सांगितलं, की बरे झाले नसते, पण वेळ जास्त मिळाला असता आणि मणका बहुतेक वाचला असता. त्या म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला आहे म्हणून मीच पोती उचलू दिली. नाहीतर हात लावू दिला नसता." आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

तू म्हणालास तेच बरोबर असेल. मला ठाऊक नाही.

बारकी

३० जून

दादा,

तुझा फोन येईनासा झाला. मला खरं बोलायची हौस आहे, असं तू शेवटी म्हणालास. रागावला आहेस, रागाव. पण बाबांनी तुझे दोन फोन उचलले नाहीत म्हणून तू थांबलास की काय, ते कळेना, म्हणून लिहिते.

ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. त्यांना लाज वाटते. मी विचारलं, दादाचा फोन का घेतला नाही, तर म्हणाले, "तो मरणाऱ्या माणसाशी बोलत होता." मी म्हटलं, मग आता जगणाऱ्याशी बोलेल. ते म्हणाले, त्याला विचारलंयस का.

माझ्याशीही फारसं बोलत नाहीत. घाम येतोच, येत राहणार. दंड बारीक झालेत. परवा आरशासमोर शर्ट न घालता उभे होते, मी दिसताच दार लोटलं. हॉस्पिटलनं माफीचं पत्र दिलं. सर स्वतः घेऊन आले, वाचून दाखवलं आणि हात जोडले. बाबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पत्र परत घडी करून त्यांच्याच खिशात ठेवलं. सरांनी काम सोडलंय, पुढच्या महिन्यापासून येणार नाहीत. त्यांची चूक नव्हती. तरीही सोडलं.

काकांना इंजेक्शनं चालू झाली, पाठीवर किरणांचे डोस सुरू झाले. त्यांना ने-आण बाबा करतात. कोणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी जाऊन बेकरीसमोर गाडी लावली आणि हॉर्न दिला. मागच्या सीटवर गाद्या टाकल्यात. खड्डा आला की इतके हळू घेतात की मागचे लोक शिव्या देतात. काका मागून म्हणतात, मास्तर, याच वेगानं शिकवलंत म्हणून गावात कोणाला गाडी येत नाही.

काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत. बाबांना मात्र चहा देतात.

बारकी

२७ फेब्रुवारी

दादा,

बेकरीवाले काका गेल्या आठवड्यात गेले. शेवटी पायातली ताकद गेली होती, पण दुखणं ताब्यात होतं. गेले त्या दुपारी बाबा तिथंच होते. काकूंनी निरोप पाठवून त्यांना बोलावलं होतं.

मी संध्याकाळी गेले तेव्हा बाबा बेकरीच्या पायरीवर बसले होते. काकू आतून आल्या, मला बघितलं, आणि म्हणाल्या, मास्तरांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, घरी न्या. जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर मला म्हणून बोललेलं ते पहिलं वाक्य.

परतताना बाबांनी चाव्या माझ्या हातात दिल्या. मी चालवली. ते शेजारी बसले, आणि मी गिअर चुकवला तरी काही म्हणाले नाहीत. तेव्हा मला भीती वाटली.

त्यानंतर तीन-चार दिवस पडूनच होते. मी रोजच्यासारखी लॅबमध्ये जात होते. म्हाताऱ्या माणसांच्या बरण्या येतच असतात. आता प्रत्येक बरणीवरचं नाव दोघांनी मोठ्यानं वाचायचं असा नियम झालाय, आणि दोन माणसं समोरासमोर उभी राहून कुणा परक्याचं नाव म्हणतात तेव्हा मी हातातलं काम थांबवते.

काल जेवताना बाबांनी तुझा विषय काढला. नऊ वर्षांचं सोड, त्याआधीही त्यांनी आपणहून काढला नसता. तुझा पत्ता तोच आहे का, विचारलं. मी हो म्हटलं. मग ताटाकडे बघत बोलले, ते तसंच लिहिते.

"त्याला कळव, मी मरत नाहीये. डॉक्टर म्हणतात अजून दहा वर्षं काढीन. त्याच्या आईबद्दल मी बोललो ते मरायच्या भीतीनं बोललो असं त्याला वाटत असेल, तर तेही खरं आहे. आता भीती नाही. परत विचारायचं असेल तर त्यानं समोर येऊन विचारावं."

मी विचारलं, परत तेच उत्तर द्याल का. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, ते मी त्याला सांगीन.

येशील की नाही ते मला लिहू नकोस, माझ्याकडून त्यांना कळायला नको. रविवारी माझी लॅबमध्ये ड्यूटी असते. ते घरी एकटेच असतात.

बारकी